जुने शेतघर राखून बांधलेले नवे घर : फिलिप वेब आणि स्टँडन, १८९१ ते १८९४

१८९१ मध्ये जेम्स बील हा लंडनमधील सॉलिसिटर गावाकडच्या आपल्या नव्या घराचे काम घेऊन वास्तुरचनाकार फिलिप वेबकडे आला, तेव्हा जमिनीची खरेदी झाली होती, बाग आखली गेली होती आणि काही झाडेही लागली होती. राहिले होते ते फक्त घर. आधी बाग आणि मग घर हा क्रम कोणत्याही वास्तुरचनाकाराला अडचणीचा वाटावा असाच आहे. घर कुठे बसवायचे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे आणि वाट कुठून आणायची हे त्याच्या कामातले पहिले प्रश्न असतात, आणि इथे त्यांची निम्मी उत्तरे सिम्पसन नावाच्या एका बागरचनाकाराने आधीच देऊन ठेवली होती. शिवाय जागा मोकळी नव्हती. ससेक्स परगण्यात ईस्ट ग्रिनस्टेडच्या दक्षिणेला बीलने घेतलेली जमीन म्हणजे लागून असलेली तीन शेते, आणि त्यांपैकी एकावर हॉलीबुश हे मध्ययुगापासून चालत आलेले शेतघर, जवळच धान्याचे कोठार आणि पुढे गवताचे मोकळे अंगण असा जुना पसारा उभा होता.

पैसेवाल्या माणसाने शेती विकत घेतली, की त्यावरची जुनी घरे पाडायची किंवा दृष्टीआड करायची आणि उंचवट्यावर नवे घर उभारायचे, ही त्या काळातली सरावाची पद्धत होती. वेबने तसे केले नाही. त्याने हॉलीबुश राखले, कोठार राखले आणि नवे घर त्यांच्या शेजारी असे बसवले, की जुन्याचे अंगण तेच नव्याचे अंगण झाले. पुढे स्टँडन या नावाने ओळखल्या गेलेल्या या घराचा अभ्यास बहुधा त्यातल्या भिंतींच्या कागदांसाठी आणि कशिद्यासाठी होतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु घरे बांधणे हेच ज्याचे जन्मभराचे काम होते अशा माणसाचा व्यवसाय आतून कसा चालत होता हे समजून घ्यायचे असेल, तर जुने शेतघर न पाडण्याच्या या एका निर्णयापाशी थांबले पाहिजे. कागद आणि कशिदा ही त्यानंतरची गोष्ट आहे.

घर बांधून घेणारा

बील १८४० मध्ये जन्मला. त्याचे घराणे बर्मिंगहॅमचे आणि घरची पेढी वकिलीची. मिडलंड रेल्वे कंपनीचे कायद्याचे काम या पेढीकडे होते, आणि १८६८ मध्ये सेंट पँक्रस स्थानक उघडून ती कंपनी स्वतःच्या रुळांवरून थेट लंडनमध्ये पोहोचल्यावर पेढीचे कामही राजधानीत वाढले. बील, त्याची पत्नी मार्गारेट आणि त्यांची सात मुले हॉलंड पार्क या सधन वस्तीत राहत. त्याच रस्त्यावर आयोनिडिस या ग्रीक व्यापारी कुटुंबाच्या घरात कवी आणि सजावटकार विल्यम मॉरिसच्या मंडळींनी आणि वेबने केलेली आतील सजावट होती. त्यामुळे वेबचे नाव बील कुटुंबाला एखाद्या मासिकातून नव्हे, तर शेजाऱ्याच्या दिवाणखान्यातून कळले असावे असे मानायला हरकत नाही. त्यांच्या लंडनच्या घरातले बरेचसे फर्निचर अॅग्नेस आणि ऱ्होडा गॅरेट या चुलत बहिणींनी केलेले होते. घरसजावटीचा धंदा स्वतःच्या नावाने चालवणाऱ्या इंग्लंडमधल्या पहिल्या स्त्रियांमध्ये या दोघींची गणना होते. म्हणजे वेबसमोर आलेले कुटुंब चांगले काय ते आधीच पाहून आलेले होते, आणि असा मालक सोपाही असतो आणि अवघडही.

अशा माणसाला त्याच सुमारास जमीन का परवडली, यामागे शेतीची पडझड होती. १८७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतले स्वस्त धान्य रेल्वेने आणि आगबोटींनी इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले, धान्याचे भाव कोसळले, खंड वसूल होईना आणि जमिनीच्या किमती उतरल्या. जमिनीच्या उत्पन्नावर जगणारा जुना जमीनदार अडचणीत आला, आणि शहरात वकिली, व्यापार किंवा कारखानदारी करून कमावणारा माणूस सुटीच्या दिवसांसाठी तीच जमीन घेऊ लागला. ईस्ट ग्रिनस्टेडला आगगाडी येत असल्यामुळे लंडनची कचेरी आणि ससेक्सचे घर हे दोन्ही सांभाळता येत होते. याचा परिणाम वास्तुरचनाकाराला मिळणाऱ्या मागणीवर झाला. बीलला प्रजेवर छाप पाडणारा वाडा नको होता, कारण त्याला प्रजाच नव्हती. त्याला हवे होते नऊ माणसांचे कुटुंब, पाहुणे आणि नोकरचाकर यांना सुखाने राहता येईल असे प्रशस्त घर. व्हिक्टोरियन काळाच्या शेवटच्या दोनतीन दशकांत इंग्लंडमध्ये निव्वळ घरे बांधून नावारूपाला आलेल्या वास्तुरचनाकारांची जी पिढी दिसते, ती बरीचशी या नव्या मागणीवर उभी राहिलेली आहे.

घर बांधणारा

वेब त्या वेळी साठ वर्षांचा होता. १८३१ मध्ये ऑक्सफर्डला एका डॉक्टरच्या घरी जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांसमोर जुन्या दगडी इमारती आणि त्यांची डागडुजी लहानपणापासूनच होती. तेव्हा वास्तुरचना शिकण्यासाठी महाविद्यालयात जावे लागत नसे. एखाद्या व्यावसायिकाकडे पैसे भरून काही वर्षे उमेदवारी करायची, नकाशे उतरवायचे, मापे घ्यायची आणि पाहून शिकायचे अशी रीत होती. वेबने रेडिंगच्या जॉन बिलिंगकडे अशी उमेदवारी केली आणि १८५४ मध्ये तो ऑक्सफर्डला जॉर्ज एडमंड स्ट्रीट या गॉथिक शैलीच्या नामांकित वास्तुरचनाकाराच्या कचेरीत मुख्य साहाय्यक झाला. १८५६ च्या जानेवारीत त्याच कचेरीत विल्यम मॉरिस उमेदवार म्हणून दाखल झाला. मॉरिसला हे काम मानवले नाही आणि तो वर्षभरातच बाहेर पडला, पण दोघांची मैत्री मॉरिसच्या मृत्यूपर्यंत टिकली.

१८५९ मध्ये मॉरिसने स्वतःच्या संसारासाठी केंट परगण्यात बांधून घेतलेले रेड हाउस हे वेबचे पहिले स्वतंत्र काम. उघड्या लाल विटांचे, उंच कौलारू पाखी असलेले आणि आतल्या गरजेप्रमाणे खिडक्या ठेवलेले ते घर आज आधुनिक घरबांधणीच्या इतिहासात मानाने उल्लेखले जाते. मात्र त्या घराची एक मोठी चूक अशी, की मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेला आणि पश्चिमेला होती. इंग्लंडच्या हवेत उत्तरेकडची बैठक म्हणजे बाराही महिने गारठा. मॉरिस कुटुंबाने १८६५ मध्येच ते घर सोडले, त्याला आजारपणापासून पैशांपर्यंत इतरही कारणे होती. पण चाळिशीच्या आत कोणाही वास्तुरचनाकाराला घर बांधू देऊ नये, असे वेब पुढे म्हणत असे, ते या पहिल्या कामाच्या आठवणीने. स्टँडनच्या मुख्य खोल्या दक्षिणेकडे उघडतात. मधल्या तीसेक वर्षांत वेब काय शिकला, याचे उत्तर मला तरी अलंकरणापेक्षा या दिशाबदलात अधिक सापडते.

वेबची व्यवसायाची रीतही वेगळी होती. लंडनमध्ये ग्रेज इन भागातल्या रेमंड बिल्डिंग्ज येथे तो राहत असे आणि तिथूनच काम करत असे. दोनतीन साहाय्यकांपलीकडे त्याने कचेरी वाढवली नाही. त्यांतला जॉर्ज जॅक पुढे मॉरिसच्या कंपनीचा फर्निचर-रचनाकार म्हणूनही ओळखला गेला. शक्यतो एका वेळी एकच मोठे काम हातात घ्यायचे, हा वेबचा नेम. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे राजमान्यता मिळवलेल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा तो कधी सभासद झाला नाही; त्याने आपली कामे प्रदर्शनात मांडली नाहीत की त्यांचे नकाशे छापून आणले नाहीत. स्ट्रीटच्या कचेरीत त्याच्या जागेवर आलेला रिचर्ड नॉर्मन शॉ मात्र तोवर मोठमोठ्या वाड्यांपासून न्यू स्कॉटलंड यार्डच्या इमारतीपर्यंत पोहोचला होता आणि त्याची रेखाटने व्यवसायातला प्रत्येक जण पाहत होता. वेब अतिशय समर्थ, पण त्याला कुरूपतेची फार आवड, असा शॉचा अभिप्राय नोंदला गेला आहे. त्यातला खवचटपणा बाजूला ठेवला, तर त्यात एक खरे निरीक्षण उरते : आपली इमारत पाहताक्षणी देखणी वाटावी यासाठी वेब काहीही करत नसे. आपले काम सर्वसामान्य दिसू लागेपर्यंत आपले समाधान होत नाही, अशी त्याची धारणा होती.

हा सामान्यपणाचा ध्यास काही लोकांना खटकत असे. १८६७ नंतर लंडनमध्ये पॅलेस ग्रीन येथे जॉर्ज हॉवर्डसाठी त्याने केलेला आराखडा राजघराण्याच्या जमिनींच्या व्यवस्थापकांनी अडवला, कारण ते घर कोणत्या शैलीचे म्हणायचे हे त्यांच्या सल्लागाराला कळेना. वेब किरकोळ फेरबदलांपलीकडे हलला नाही आणि घर अखेरीस त्याच्याच आराखड्याप्रमाणे उभे राहिले.

हॉलीबुश का पाडले नाही

या निर्णयाचे मूळ स्टँडनच्या चौदा वर्षे आधी आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट होती, आणि जीर्णोद्धार म्हणजे एखादे शतक आदर्श मानून त्यानंतरची सारी भर खरवडून काढायची, मग जे नव्हते तेही त्या शतकाच्या शैलीत बांधून टाकायचे, असा प्रकार चालला होता. ट्यूक्सबरीच्या जुन्या मठमंदिरावर सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट असेच काम करणार असल्याचे कळल्यावर मॉरिसने मार्च १८७७ मध्ये एक निषेधाचे पत्र प्रसिद्ध केले आणि त्यातून प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. वेब तिच्या संस्थापकांपैकी एक. मराठी वाचकाला स्कॉट अगदी परका नाही. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे त्याचेच, जरी तो स्वतः मुंबईला कधी आला नाही. सेंट पँक्रसचे भव्य हॉटेलही त्याचेच, आणि ते बांधून घेतले होते बीलची पेढी जिच्या जिवावर वाढली त्या रेल्वे कंपनीने. वेबचा गुरू स्ट्रीट हा तर स्कॉटच्या कचेरीतून तयार झालेला. गुरूच्याही गुरूविरुद्धचे हे बंड होते, आणि ते इमारत कशी बांधावी यापेक्षा बांधलेली इमारत कशी वागवावी यासाठी होते.

या संस्थेचे सूत्र सोपे होते : जुन्याची रोजची निगा राखावी, पडणारे सावरावे, आणि जे नवे घालावे लागेल ते नवे म्हणूनच दिसू द्यावे. वेब हे सूत्र भाषणांतून मांडणारा नव्हता; तो शिड्यांवर चढणारा होता. तडे गेलेल्या भिंती बाहेरून न बदलता आतून कशा भरून घ्यायच्या, जुना दगड न हलवता नवा आधार कसा द्यायचा, यांच्या पद्धती त्याने प्रत्यक्ष कामातून बसवल्या. स्टँडनचे बांधकाम सुरू होते त्याच सुमारास विल्टशर परगण्यातल्या ईस्ट नॉइल येथील चर्चचा खिळखिळा झालेला मनोरा सावरण्याचे कामही तो करत होता. एका हाताने मनोरा वाचवणारा माणूस दुसऱ्या हाताने हॉलीबुश पाडील, हे संभवत नव्हते.

परंतु तत्त्वापुरतेच हे असते, तर वेबने जुने घर बाजूला राखून नवे घर कुठेही बांधले असते. त्याने जुन्या घराला नव्या आराखड्याचा आरंभबिंदू केले. बील कुटुंबाच्या खोल्यांचा मुख्य भाग दक्षिणेच्या दरीकडे पाहतो. त्याला काटकोनात जोडलेली नोकरांची आणि स्वयंपाकाची बाजू जुन्या शेतघराच्या दिशेने सरकत जाते. आणि ती जाता जाता उतरत्या छपरांनी लहान होत जाते, जेणेकरून हॉलीबुशजवळ पोहोचेपर्यंत नव्या घराची उंची जुन्याच्या मापात आलेली असते. शेतघर, कोठार आणि नवे घर यांच्यामध्ये गूज ग्रीन म्हणून ओळखले जाणारे गवताचे अंगण राहते. येणारा माणूस आधी या जुन्या अंगणाशी येतो, कमानीतून आत शिरतो आणि मग नवे घर त्याला दिसते. मोठ्या घराचा मोठेपणा असा टप्प्याटप्प्याने उघडत जातो, एकदम अंगावर येत नाही. कोकणात किंवा देशावर एखाद्या जुन्या चौसोपी घराला पुढच्या पिढीने पडवी काढावी, तिच्या पुढच्या पिढीने माडी चढवावी, आणि पाहणाऱ्याला ते सगळे एकच घर वाटावे, त्या जातीचा हा परिणाम आहे. फरक इतकाच, की वेबने तो तीन वर्षांत आणि जाणूनबुजून साधला.

बांधकामसामग्रीची निवडही याच विचारातून झाली. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये रद्द झाला होता, आणि रेल्वेमुळे वेल्सची पाटीच्या दगडाची छपरे इंग्लंडच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचली होती. म्हणजे १८९० च्या दशकातल्या वास्तुरचनाकाराला वाटेल तिथला माल वाटेल तिथे वापरता येत होता, आणि म्हणूनच स्थानिक माल वापरणे ही आता सक्ती राहिली नव्हती, तो निर्णय झाला होता. स्टँडनचा वालुकाश्म त्याच जमिनीतून काढला गेला. दगड काढून उरलेल्या खाणीत पुढे नेच्यांची बाग झाली. भिंतींना ससेक्सच्या विटा, वरच्या मजल्यावर भिंतीलाच जडवलेली भाजलेली कौले, छपराखालच्या त्रिकोणी भिंतींवर लाकडी फळ्या, मनोऱ्याला खडबडीत गिलावा : आसपासच्या खेड्यांतली शेतघरे ज्या ज्या गोष्टींनी बनलेली होती, त्या सगळ्या या एका घरावर आहेत. मनोरा दुरून रुबाबदार दिसतो, पण त्याचे काम पाण्याच्या टाक्या डोक्यावर घेण्याचे आहे.

इथे एक आक्षेप मांडलाच पाहिजे. एकाच घरावर पाच प्रकारची सामग्री आणल्याने ते घर पिढ्यापिढ्यांनी वाढत गेल्यासारखे दिसते, पण तसे ते वाढलेले नाही. मग ही एक प्रकारची बतावणीच नव्हे काय? जुन्या चर्चला खोटे जुनेपण देणाऱ्यांवर तुटून पडणाऱ्या वेबला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. माझ्या मते वेब यातून बऱ्याच अंशी निसटतो, कारण सामग्री जुनी असली तरी खिडक्यांची मापे, धुराड्यांची उंची आणि जोडकाम त्याचे स्वतःचे आहे. कोणत्याही जुन्या घराची हुबेहूब नक्कल तिथे नाही. पण पूर्णपणे निसटतो असे म्हणवत नाही.

घराच्या आत

आत वेबने काय केले, यापेक्षा काय केले नाही ते आधी पाहावे. भव्य जिना नाही, आंधळ्या कमानी नाहीत, छताला सोनेरी नक्षी नाही. बैठकीची खोली, जेवणाची खोली, सकाळच्या वापराची खोली, बिलियर्डची खोली आणि काचघर अशी त्या वर्गाच्या घराला लागणारी सारी दालने आहेत, पण त्यांची उंची माफक आहे आणि भिंतींना लावलेल्या लाकडी फळ्यांवर बहुतेक ठिकाणी साधा रंग आहे. प्रत्येक शेकोटी मात्र वेगळी. वेब घराच्या नकाशावर थांबत नसे. शेकोटीची चौकट, दाराची कड, गजाची गाठ यांची पूर्ण मापाची रेखाटने तो सुताराला आणि लोहाराला देत असे.

भिंतींवर मॉरिसच्या कंपनीचे छापील कागद लागले. त्यांत मॉरिसने १८६२ च्या सुमारास काढलेला जाळीवरच्या गुलाबांचा कागदही आहे, आणि त्या जाळीवर बसलेले पक्षी वेबच्या हातचे आहेत, कारण मॉरिसला पक्षी मनासारखे काढता येत नसत. मार्गारेट बील आणि तिच्या मुली स्वतः उत्तम कशिदा काढणाऱ्या होत्या. घरातले कित्येक पडदे आणि भिंतीवरची वस्त्रे त्यांनी भरलेली आहेत. घर सजवणे हे बाहेरून विकत आणण्याचे काम आणि घरातल्या बायकांचे काम अशा दोन्ही वाटांनी पुढे गेले, ही या प्रकरणातली लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

स्टँडनला सुरुवातीपासून विजेचे दिवे होते. १८९४ मध्ये हे नवलाचे होते, आणि तेव्हाच्या बहुतेक रचनाकारांना या नव्या प्रकाशाचे काय करावे ते समजत नव्हते. गॅसच्या झुंबरांत बल्ब बसवून ते मोकळे होत. वेबने दिवे भिंतींवर आणले. दिवाणखान्यात त्याच्या रेखाटनांवरून जॉन पिअर्सनने तांब्याचा पत्रा ठोकून फुलापानांचे फलक घडवले, त्यांच्यापुढे बल्ब टांगले, आणि प्रकाश तांब्यावर आपटून मऊ होऊन खोलीत येईल अशी योजना केली. यंत्राविरुद्ध हस्तकलेचा पुकारा करणाऱ्या मंडळींचा हा माणूस वीज नाकारत नाही, तिला घरात राहण्याजोगी करतो. हा बारकावा त्या चळवळीच्या सोप्या वर्णनांतून हमखास गळतो.

सगळेच साधले असेही नाही. मधले दालन कुटुंबाला अपुरे पडले, आणि १८९८ मध्ये वेबला परत येऊन तिथे बाहेर काढलेल्या खिडकीची जागा वाढवून द्यावी लागली. बागेचा सांधाही पूर्ण जुळला नाही. सिम्पसनची आधीची आखणी, वेबच्या गच्च्या आणि मार्गारेट बीलची स्वतःची हौस असे तीन हात त्या उतारावर दिसतात. ती बागेची रोजनिशी ठेवत असे आणि पुढची कित्येक वर्षे तिने ती बाग आपल्या पद्धतीने वाढवली.

मालक आणि वास्तुरचनाकार यांच्यात कुरबुरी झाल्या असणारच, याचा एक गोड पुरावा उरला आहे. काम संपल्यावर बीलने वेबला चांदीची तपकिरीची डबी भेट दिली. तीवर कोरलेल्या मजकुराचा आशय असा, की घरमालक चीड आणणारे काहीबाही बोलू लागले, की मी चिमूटभर तपकीर ओढतो. वेबला तपकिरीची सवय होती. बिल चुकते झाल्यावर स्वतःवर असा विनोद करणारा घरमालक आणि तो स्वीकारणारा वास्तुरचनाकार, हे दृश्य मला त्या घराच्या कोणत्याही दालनाइतकेच बोलके वाटते.

हिशेबाची दुसरी बाजू

वेब समाजवादी होता. १८८० च्या दशकात मॉरिसच्या सोबतीने तो सोशालिस्ट लीगमध्ये काम करत होता, आणि त्याच हातांनी धनिकांची घरे बांधत होता. ही विसंगती त्याला स्वतःला टोचत होती, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे विल्टशरमधले क्लाउड्स हे पर्सी विंडमचे प्रचंड घर. १८७६ मध्ये काम मिळाले, पहिल्या निविदा फार महाग निघाल्या म्हणून आराखडा बदलावा लागला, बांधकाम १८८१ मध्ये सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास संपले. म्हणजे एका घरात जवळजवळ दशक गेले. जानेवारी १८८९ मध्ये एका कपाटात राहिलेल्या मेणबत्तीमुळे ते जळाले. त्यानंतर कुटुंब नोकरांच्या भागात राहू लागले, तेव्हा आपला वास्तुरचनाकार समाजवादी होता हे बरेच झाले, कारण नोकरांच्या खोल्या आपल्या खोल्यांइतक्याच सुखाच्या निघाल्या, अशा अर्थाचे उद्गार पर्सीची पत्नी मॅडलिन विंडम हिने काढले. स्टँडनच्या नोकरांच्या बाजूलाही उजेड आणि हवा आहे. याहून मोठी सामाजिक क्रांती एखाद्या घराच्या नकाशात मावते असे मला वाटत नाही, आणि मावते असे वेबलाही वाटत नव्हते.

पैशांचा हिशेब अधिक रोखठोक आहे. वास्तुरचनाकाराचा मेहनताना बांधकाम खर्चाच्या पाच टक्के, अशी रूढी होती. यात जो जास्त घरे आणि झटपट नकाशे काढील तो श्रीमंत होतो, आणि जो प्रत्येक दाराची कड स्वतः रेखाटतो, खर्च कमी करण्यासाठी आराखडा पुन्हा काढतो आणि त्यामुळे स्वतःचीच टक्केवारी घटवतो, तो होत नाही. साहाय्यकांची फौज नसल्यामुळे वेबला एका घरासाठी दोनतीन वर्षे लागत. शिवाय जुन्या इमारतींच्या संस्थेसाठी केलेले तपासणीचे आणि सल्ल्याचे काम त्याने बहुतेक फुकट केले. चाळीस वर्षांत त्याच्या हातून झालेली घरे शॉच्या तुलनेत थोडी आहेत आणि त्यांतली काही, उदाहरणार्थ यॉर्कशरमधले राउंटन ग्रेंज, विसाव्या शतकात पाडली गेली.

त्याच दशकात व्यवसायाची दिशाही ठरत होती. १८८२ पासून राजमान्य संस्थेच्या सहसभासदत्वासाठी परीक्षा सक्तीची झाली होती, आणि वास्तुरचनाकारांची सरकारी नोंदणी व्हावी असा आग्रह १८९१ मध्ये जोर धरू लागला, तेव्हा वास्तुरचना हा परीक्षा देऊन मिळणारा धंदा की कला, यावर मोठा वाद पेटला. शॉने विरोधकांचे नेतृत्व केले. कायद्याने नोंदणी आली ती १९३१ मध्ये, म्हणजे वेबच्या पश्चात. वेबची रीत कोणत्याही परीक्षेत बसवता येण्यासारखी नव्हती. ती शिकले ते त्याचे साहाय्यक आणि जुन्या इमारतींच्या संस्थेच्या साप्ताहिक बैठकांनंतर लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील एका उपाहारगृहात रात्री जेवताना त्याला ऐकणारे तरुण. विल्यम लेथबी हा त्यांतला एक, आणि वेबचे चरित्र लिहिले तेही त्यानेच.

बील १९१२ मध्ये वारला. स्टँडन कुटुंबाकडेच राहिले, आणि सर्वांत धाकटी मुलगी हेलन १९७२ मध्ये वारली तेव्हा तिच्या मृत्युपत्राने ते ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेले. हॉलीबुश आणि कोठार आजही गवताच्या अंगणाभोवती उभे आहेत.

मॉरिस ऑक्टोबर १८९६ मध्ये गेला. केल्मस्कॉटच्या दफनभूमीत त्याच्यावर ठेवलेला दगड वेबने घडवून घेतला, दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या पाख्यांचा, मधे आढे असलेला, एखाद्या छोट्या घराच्या छपरासारखा. त्यानंतर चारपाच वर्षांत वेबने कचेरी बंद केली. साठवलेला पैसा फारसा नव्हता. क्लाउड्सच्या विंडमचा चुलतभाऊ विल्फ्रिड स्कॉवेन ब्लंट याने ससेक्समधल्या आपल्या जमिनीवरचे वर्थ येथील कॅक्स्टन्स नावाचे घर त्याला राहायला दिले, आणि १७ एप्रिल १९१५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, वेब तिथेच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या या अविवाहित माणसाने स्वतःसाठी घर कधीच बांधले नाही. कॅक्स्टन्स हे जुने शेतघर होते, स्टँडनपासून फारसे लांब नसलेले.